ताऱ्यांची उसळी ओसरल्यावर दीर्घिकेचं पुढं काय होतं?

प्रश्न कोल्हापूरच्याच एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी स्टारबर्स्ट दीर्घिका हा विषय घेतलाय. पुस्तकात लिहिलंय की अशी दीर्घिका आपला वायू थोड्याच काळात संपवते आणि मग 'लाल आणि मृत' होते. म्हणजे एम ८२ पण मरणार का? उसळी संपली हे ओळखायचं कसं? गाईड म्हणाले, 'ई प्लस ए' वाच. पण नावापासूनच गोंधळ आहे."

स्टारबर्स्ट म्हणजे दीर्घिकेत थोड्या काळात नेहमीच्या कितीतरी पट तारे जन्मणं. मी त्याला उसळी म्हणतो, आणि एम ८२ ही अशी उसळी चालू असलेली दीर्घिका. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत, आणि पुस्तकातलं ते वाक्य तिन्हींना एकच उत्तर देऊन मोकळं होतं. नवे तारे जन्मायचे थांबले का? दीर्घिकेचा रंग बदलला का? वायू संपला का? ही तीन वेगळी घड्याळं आहेत. तारे जन्मायचे थांबले हे कोटीभर वर्षांत कळतं. रंग पूर्ण बदलायला शंभर कोटी वर्षं लागतात. वायूचा मात्र काही नेम नाही. मी वीस-बावीस वर्षं दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे त्यांचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरून काढलेले आलेख, वाचतोय. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही हे तिन्ही एकच समजत होतो, त्यामुळं लाजू नका.

आपल्याकडचंच बघा. माझं आजोळ कागलकडचं, आणि मामाचं गुऱ्हाळ होतं. हंगामातलं शेवटचं आदण उतरलं, गुळव्यानं काहील बाजूला घेतली आणि चुलवणात चिपाडं टाकायची बंद झाली, की धुराड्यातला धूर पाच-दहा मिनिटांत थांबायचा. ज्वाळ गेली. पण चुलवणाचं तोंड मध्यरात्रीपर्यंत लाल दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा राख एवढी गरम असायची की आम्ही पोरं त्यात रताळी भाजायचो. आता रस्त्यानं जाणारा माणूस धुराडं बघून म्हणणार, 'गुऱ्हाळ बंद झालं.' बरोबर आहे. पण का बंद झालं? ऊस संपला? चरक मोडला? माणसं सोडून गेली? की अवकाळी पाऊस पडून चिपाडं भिजली? एका वर्षी तर दोन ट्रॉल्या ऊस अंगणात तसाच पडून होता आणि गुऱ्हाळ बंद होतं. धुरावरून 'कधी बंद पडलं' ते कळतं, 'का' ते कळत नाही. तुमच्या प्रोजेक्टची मेख इथंच आहे.

आधी उसळी म्हणजे किती मोठी, ते आकड्यांत बघू. आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक ते दोन सूर्यांइतकं वस्तुमान ताऱ्यांत रूपांतरित होतं. एम ८२ आपल्या आकाशगंगेपेक्षा बरीच लहान, तरी तिच्यात वर्षाला दहाएक सूर्यांइतकं, आणि तेही जवळजवळ सगळं केंद्राजवळच्या दोन-तीन हजार प्रकाशवर्षांच्या भागात. आर्प २२० सारख्या दोन दीर्घिकांच्या टकरीत हा आकडा शंभराच्या पुढं जातो. आता केंद्रात समजा शंभर कोटी सूर्यांइतका वायू आहे आणि वर्षाला दहा सूर्य खर्च होतायत. भागाकार केला की दहा कोटी वर्षं. नेहमीच्या चक्राकार दीर्घिकेत हाच भागाकार शंभर-दोनशे कोटी वर्षं देतो. पुस्तकातलं 'थोड्याच काळात' आलं ते इथून.

हा भागाकार उपयोगाचा आहे, पण भोळा आहे. त्यात धरलेलं असतं की सगळा वायू ताऱ्यांतच जातो, बाहेर काही उडत नाही, बाहेरून काही येत नाही, आणि उरलेला वायू शेवटच्या कणापर्यंत आज्ञाधारकपणे तारे बनवत राहतो. यातलं एकही खरं नाही.

बाहेर उडणारा वायू बघायचा तर एम ८२ च बघा. १९६३ साली लिंड्स आणि सँडेज यांनी तिच्या चकतीला काटकोनात, वर आणि खाली, हायड्रोजनच्या लाल प्रकाशात पसरलेले तंतू दाखवले. केंद्रातले प्रचंड तारे आणि त्यांचे अतिनवताऱ्यांचे (सुपरनोव्हांचे) स्फोट मिळून वायू तापवतात, आणि तो चकतीतून सर्वांत कमी अडथळ्याच्या दिशेनं, म्हणजे वर-खाली, फुटून बाहेर पडतो. हा वारा क्ष-किरणांतही दिसतो. म्हणजे उसळी स्वतःच स्वतःचं इंधन घराबाहेर फेकत असते. २०१४ च्या फेब्रुवारीत आम्ही काही जण मसाई पठारावर आठ इंची दुर्बीण घेऊन गेलो होतो, कारण जानेवारीत एम ८२ मध्ये अतिनवतारा सापडला होता, एसएन २०१४जे. आपल्या अक्षांशावरून सप्तर्षींच्या पलीकडची ही दीर्घिका उत्तरेला जेमतेम सदतीस अंश वर येते. दुर्बिणीत एक करडी, सिगारच्या आकाराची रेघ दिसली आणि तिच्यावर टोचल्यासारखा एक ठिपका. थंडीनं बोटं वाकत नव्हती, पण कुणी डोळा काढायला तयार नव्हतं. गंमत म्हणजे तो अतिनवतारा या उसळीतल्या प्रचंड ताऱ्याचा नव्हता. तो 'वन ए' प्रकारचा, म्हणजे श्वेतबटूचा, सूर्यासारख्या ताऱ्याच्या मागं उरलेल्या गाभ्याचा, स्फोट होता. हा फरक पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रश्न, उसळी संपली हे ओळखायचं कसं. इथं ताऱ्यांची आयुष्यंच आपलं घड्याळ असतात. जितका तारा मोठा, तितका तो उधळ्या. सूर्याच्या चाळीस-पन्नासपट वस्तुमानाचा 'ओ' प्रकारचा तारा चाळीस-पन्नास लाख वर्षांत संपतो. आठपट वस्तुमानाचा साधारण चार कोटी वर्षांत. दुप्पट वस्तुमानाचा शंभर कोटी वर्षांच्या आसपास टिकतो, आणि सूर्य हजार कोटी. भोवतालच्या हायड्रोजनचं आयनीभवन करून तो चमकवणं हे फक्त त्या पहिल्या, अल्पायुषी ताऱ्यांचं काम. त्यामुळं नवे तारे जन्मायचे थांबले की कोटीभर वर्षांत हायड्रोजन-अल्फाची ६५६३ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) उत्सर्जन रेषा, म्हणजे वर्णपटातली उजळ रेषा, विझते, आणि तिच्याबरोबर आयनीभूत ऑक्सिजनची ३७२७ ची रेषाही. हा तुमचा धुराड्यातला धूर.

मागं कोण उरतं? 'ए' प्रकारचे तारे. तुम्ही ते पाहिलेत. हिवाळ्यात रंकाळ्यावर संध्याकाळी दक्षिणेकडं तोंड करून उभं राहिलं की सगळ्यात तेजस्वी दिसतो तो व्याध 'ए' प्रकारचाच, अभिजित आणि श्रवणही त्याच जातीचे. व्याधाचं वय आहे साधारण चोवीस कोटी वर्षं, अभिजितचं पंचेचाळीस कोटींच्या घरात. उसळीनंतरच्या दीर्घिकेत नेमक्या याच वयाच्या ताऱ्यांचा बाजार भरलेला असतो.

हेच तारे इतके उपयोगाचे का, याचं कारण पदार्थविज्ञानात आहे. हायड्रोजनच्या बामर शोषण रेषा, म्हणजे त्यानं प्रकाश गिळल्यामुळं वर्णपटात पडणारे खड्डे (अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी त्यांची नावं), उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर बसलेला लागतो. तारा थंड असला तर इलेक्ट्रॉन पहिल्याच पातळीवर राहतात. फार तापला तर ते अणू सोडूनच जातात. नऊ-दहा हजार केल्विनच्या आसपास दुसऱ्या पातळीवर सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि ते तापमान 'ए' ताऱ्यांचं. म्हणून त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा खोल आणि रुंद खणलेल्या दिसतात.

आता नावाचा घोळ सोडवू. १९८३ मध्ये ड्रेसलर आणि गन हे थ्रीसी २९५ या रेडिओ-स्रोताभोवतीच्या दूरच्या दीर्घिकासमूहाचे वर्णपट बघत होते. काही दीर्घिका त्यांना कुठल्याच खान्यात बसवता येईनात. पाया लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा, म्हणजे म्हाताऱ्या, लालसर ताऱ्यांचा. त्याच्यावर 'ए' ताऱ्यांच्या खोल बामर रेषा. आणि उत्सर्जन मात्र काहीच नाही. म्हणून 'ई प्लस ए'. यातला 'ई' आकाराबद्दल बोलतोय असं वाटतं, पण आधार होता वर्णपट. पुढं यातल्या काहींना चकती असल्याचं दिसलं, तेव्हा बऱ्याच जणांनी 'ई' काढून 'के' घातला, कारण म्हातारा प्रकाश मुख्यतः 'के' प्रकारच्या राक्षसी ताऱ्यांचा असतो. तुम्ही लिहिताना सरळ 'उसळीनंतरची दीर्घिका' म्हणा, भांडण मिटलं.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की ही समूहातली भानगड आहे. समूहात पोहणाऱ्या दीर्घिकेला भोवतालच्या तप्त वायूचा वारा लागतो, तिचा वायू ओरबाडला जातो, म्हणून तारे थांबतात. मग १९९६ मध्ये झाब्लुडॉफ आणि सहकाऱ्यांनी लास कँपानास सर्वेक्षणातल्या ११,११३ दीर्घिका चाळल्या आणि त्यातून फक्त २१ निवडल्या. त्यातल्या तीन चतुर्थांश समूहांच्या बाहेर, मोकळ्यावर होत्या. निदान पाच दीर्घिकांना टकरीनंतर राहतात तशा ताऱ्यांच्या शेपट्या होत्या. टकरीत गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीनं अशा शेपट्या निघतात, हे टूमरे बंधूंनी १९७२ मध्येच संगणकावर दाखवलं होतं. त्याच ओढाताणीत वायू आपला कोनीय संवेग, म्हणजे गरगर फिरण्याचा जोर, गमावून केंद्रात कोसळतो आणि उसळी पेटते. आज सर्वसाधारण समजूत अशी की मोकळ्यावर टक्कर हा मुख्य रस्ता, आणि दाट समूहात वायू ओरबाडला जाणं हाही एक रस्ता. तुमची दीर्घिका कुठल्या परिसरात आहे यावर उत्तर बदलतं. परिसर न बघता कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता प्रत्यक्ष वर्णपट कसा वाचायचा ते सांगतो, कारण प्रोजेक्ट यावरच उभा राहील. स्लोन या आकाश सर्वेक्षणाचे वर्णपट सगळ्यांना फुकट उघडता येतात. एक उघडा आणि आधी ताम्रसृती (रेडशिफ्ट) बघा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणानं तरंगलांबी किती ताणली गेलीय ते. समजा ती ०.१ आहे. मग सगळ्या तरंगलांबींना १.१ नं गुणायचं. हायड्रोजन-डेल्टा ४१०२ वरून ४५१२ वर जाणार, अल्फा ७२१९ वर. आणि ऑक्सिजनची ३७२७ ची रेषा येणार ४१०० वर, म्हणजे हायड्रोजन-डेल्टाच्या मूळ जागी. माझा एक विद्यार्थी दोन दिवस तिथं डेल्टा शोधत बसला होता आणि 'शोषण रेषा सापडत नाही' म्हणून हिरमुसला होता. गुणाकार केला नव्हता, एवढंच. आता मी प्रत्येकाला वर्णपटाचा कागदी प्रिंट काढायला लावतो आणि पेन्सिलीनं रेषांची नावं लिहून घेतो. पडद्यावर माणूस वरवर बघतो, कागदावर बोट ठेवून बघतो.

जागा पक्क्या झाल्या की डाव्या टोकाला बघा. डेल्टा, मग एप्सिलॉन, मग पुढच्या बामर रेषा, निळ्याकडं जाताना एकमेकींच्या जवळ जवळ येत, जिन्याच्या पायऱ्या वर चढताना अरुंद होत जाव्यात तशा. उसळीनंतरच्या दीर्घिकेत हा जिना फार सुंदर दिसतो. मग उजवीकडं अल्फाच्या जागी नजर टाका. तिथं सपाट असलं किंवा उलट खड्डा असला, तर तुमचं सावज सापडलं. डेल्टाच का निवडतात, असं पुढं कुणी विचारेलच. अल्फा आणि बीटामध्ये थोडंसं उत्सर्जन असलं तरी ते शोषणाचा खड्डा भरून काढतं. डेल्टापर्यंत येता येता ते उत्सर्जन बरंच दुबळं पडलेलं असतं, त्यामुळं खड्डा जवळजवळ अस्सल उरतो.

इथपर्यंत सोपं होतं. आता तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे उसळीचं वय आणि तिचा आकार यांचा गोंधळ. नुकतीच होऊन गेलेली लहान उसळी आणि बऱ्याच आधी झालेली मोठी उसळी, दोघींचे वर्णपट जवळजवळ सारखे दिसू शकतात. तरुण तारे वस्तुमानाच्या मानानं इतके तेजस्वी असतात की दीर्घिकेतले नव्वद टक्के तारे म्हातारे असले तरी दहा टक्के तरुणच सगळा उजेड खाऊन टाकतात. लग्नाच्या वरातीत दोन-चार मशालवाले पुढं असले की मागची दोनशे माणसं दिसत नाहीत, तसं. बामर रेषा सर्वांत खोल होतात उसळीनंतर तीस-पन्नास कोटी वर्षांनी, आणि शंभर-दीडशे कोटी वर्षांत ओळखू येईनाशा होतात. पण रेषेची एकच खोली चढतानाही येते आणि उतरतानाही. कुठल्या बाजूला आहोत हे सांगायला अतिनील प्रकाश लागतो, कारण तो शेवटच्या दहा-वीस कोटी वर्षांची आठवण ठेवतो. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची अतिनील दुर्बीण याच कामाची. नुसत्या दृश्य वर्णपटावरून 'उसळी सदतीस कोटी वर्षांपूर्वी संपली' असं कुणी छातीठोक लिहिलं असेल तर त्याच्या चुकीची मर्यादा किती दिलीय ते आधी बघा.

दुसरं, धूळ. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या यादीत एक दीर्घिका होती, वर्णपट अगदी आदर्श, ऑक्सिजनची रेषा साफ गायब. 'मृत' म्हणून तक्त्यात नोंद केली, दोन भाषणांत तिचं चित्र दाखवलं. पुढं तिचं रेडिओ निरीक्षण हाताशी आलं, तर केंद्रातून भक्कम रेडिओ उत्सर्जन, अतिनवताऱ्यांच्या अवशेषांतून येतं तसं. नवे तारे जन्मतच होते, फक्त धुळीच्या गोधडीखाली. तरुण तारे धुळीत लपलेले आणि थोडे मोठे 'ए' तारे धुळीतून बाहेर पडलेले, म्हणून प्रकाश मधल्या पिढीचाच पोहोचत होता. ऑक्सिजनची रेषा निळ्याकडं असल्यामुळं धूळ तिला आधी गिळते. त्यामुळं यादी करताना फक्त ३७२७ वर भागवू नका, अल्फा बघाच, आणि अवरक्त किंवा रेडिओ निरीक्षण मिळालं तर सोन्याहून पिवळं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं जुनं निरीक्षण तुमच्या दीर्घिकेचं असेल तर संग्रहात शोधा. दोन तास जातील, पण तक्ता वाचेल.

तिसरं, आपण बघतो किती. स्लोनच्या मूळ सर्वेक्षणात प्रकाश गोळा करणाऱ्या तंतूचा व्यास आकाशात तीन विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होता. ०.०५ ताम्रसृतीला हे साधारण दहा हजार प्रकाशवर्षं भरतात. म्हणजे दीर्घिकेचा फक्त मधला भाग. केंद्रात विझलंय आणि कडेला अजून पेटलंय, अशा दीर्घिका निघतात, आणि उलटही. म्हणूनच पुढं मांगा सर्वेक्षणात दहा हजारांच्या आसपास दीर्घिकांचे वर्णपट ठिकठिकाणी घेतले गेले. तुम्ही मांगातलीच एखादी दीर्घिका निवडलीत तर तुमचा प्रोजेक्ट एकदम वजनदार होईल, असं मला वाटतं.

एवढ्यावरून काय हाती लागलं? धूर कधी थांबला ते बामर रेषा सांगतात, तेही धूळ आणि तंतूचा आकार सांभाळून. का थांबला, ते अजून बाकी आहे.

आणि आता अंगणात पडलेल्या त्या दोन ट्रॉल्या उसाकडं येऊ. २०१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेकर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी उसळीनंतरच्या ३२ दीर्घिकांमध्ये कार्बन मोनॉक्साइडचं रेडिओ उत्सर्जन शोधलं. हा रेणू थंड, दाट वायूची खूण असतो, तारे याच वायूतून जन्मतात. अपेक्षा अशी की काही सापडू नये. ३२ पैकी १७ मध्ये सापडला, आणि तोही भरपूर, काहींत तर आजही तारे बनवणाऱ्या दीर्घिकांइतका. माझ्या कारकिर्दीत आश्चर्य वाटलेल्या निकालांत हा वरच्या क्रमांकावर आहे. 'वायू संपला म्हणून उसळी संपली' या वाक्यातला 'म्हणून' तिथंच निखळून पडला.

मग तो वायू तारे का बनवत नाही? चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं जवळून पाहिलं तर अनेक ठिकाणी हा वायू केंद्रात छोट्या जागेत कोंबलेला आणि प्रचंड घुसळलेला दिसला. तारा जन्मायला वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं कोसळावा लागतो. आतली हालचाल जोरात असली की तो कोसळत नाही. भिजलेली चिपाडं समजा. इंधन आहे, पेट घेत नाही. ही घुसळण टिकवतं कोण, हा आजचा खरा वादाचा मुद्दा. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराकडं बऱ्याच जणांचं बोट आहे. त्याला एक आधार आहे. उसळी जितकी जुनी तितका हा वायू कमी, आणि तो ज्या वेगानं कमी होतो, त्या वेगानं कमी करण्याइतके तारे तिथं जन्मतच नाहीत. म्हणजे कुणीतरी तो हाकलतंय. पण कृष्णविवराला रंगेहाथ पकडणं अवघड, कारण ते सतत खात नाही, चार घास खाऊन झोपतं. तुम्ही बघता तेव्हा ते झोपलेलं असलं, तर 'याचा हात नाही' असं कसं म्हणणार? माझं मत विचाराल तर उसळी थांबते अतिनवताऱ्यांमुळं आणि इंधन खर्चून, पण ती थांबलेली राहते बहुधा कृष्णविवरामुळं. थांबणं आणि थांबलेलं राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. लिहिताना ती वेगळी ठेवा.

या दीर्घिकांची एक विचित्र सवयही सांगून टाकतो. केंद्रातल्या कृष्णविवराजवळ गेलेला तारा भरतीच्या ओढीनं फाटतो, तेव्हा काही महिने केंद्र उजळतं. अशा घटना उसळीनंतरच्या दीर्घिकांत त्यांच्या संख्येच्या मानानं कितीतरी जास्त सापडतात. या दीर्घिकांच्या केंद्रात तारे फार दाटीनं भरलेले असतात, हे एक कारण असावं.

बामर रेषाही मिटल्यावर काय? शंभर-दीडशे कोटी वर्षांनी दीर्घिका रंगानं लाल, आकारानं बहुतेक वेळा गुळगुळीत, शेपट्या विरून गेलेल्या. तिला पूर्वी उसळी आली होती याचा मागमूस तरी राहतो का? राहतो, ताऱ्यांच्या रसायनात. इथं तो २०१४ चा अतिनवतारा कामाला येतो. प्रचंड ताऱ्यांचे स्फोट चार कोटी वर्षांच्या आत उरकतात आणि ऑक्सिजन-मॅग्नेशियम उधळतात. 'वन ए' स्फोटांपैकी बरेचसे उशिरा होतात आणि लोखंड देतात. उसळी झटपट संपली असेल तर लोखंड पुरेसं मिसळायच्या आतच तारे जन्मून गेलेले असतात, त्यामुळं त्यांच्यात लोखंडाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत नेमकं हेच दिसतं. गुळाच्या ढेपेची फोड तोंडात टाकून 'हे आदण घाईत उतरवलंय' असं सांगणारे गुळवे मी पाहिलेत. हा प्रकार तसलाच.

जेम्स वेब दुर्बिणीनं तर हे सगळं फार मागं नेलंय. जीएस-९२०९ नावाच्या दीर्घिकेचा प्रकाश विश्व जेमतेम सव्वाशे कोटी वर्षांचं असतानाचा आहे. तिचे जवळजवळ सगळे तारे वीसेक कोटी वर्षांच्या उसळीत जन्मले आणि मग कारभार थांबला. २०२३ मध्ये तिचा वर्णपट छापून आला तेव्हा मी तो प्रिंट काढून भिंतीवर लावला. तोच जिना, तेच खोल बामर खड्डे, आणि अल्फाच्या जागी कृष्णविवराची रुंद खूण. इतक्या लवकर इतकं मोठं काही पेटून विझूही शकतं, हे नीट समजावणं अजून सिद्धांतवाल्यांना जड जातंय. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आम्ही यावर एक अख्खी दुपार वाद घातला होता. जाता जाता, ती संस्था १९८८ मध्ये उभी करणारे जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचेच, हे आपल्या पोरांना ठाऊक असावं.

आकाशगंगेचं काय, असं कुणी मध्येच विचारतंच. देवयानी दीर्घिकेशी टक्कर नक्की, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. २०२५ मधल्या एका गणितानुसार पुढच्या हजार कोटी वर्षांत तशी शक्यता निम्मी-निम्मी आहे. तुमच्या प्रोजेक्टला याचा उपयोग नाही, सोडून द्या.

राहता राहिली एम ८२. मरणार का? तिच्या केंद्रातली सध्याची उसळी पुढच्या काही कोटी वर्षांत नक्की ओसरेल, त्यात वाद नाही. पण शेजारी एम ८१ आहे, आणि दोघींच्या मध्ये हायड्रोजन वायूचे लांबलचक पट्टे पसरलेले रेडिओ दुर्बिणींना दिसतात. वाऱ्यानं उडवलेल्या वायूतलाही बराचसा दीर्घिकेबाहेर कायमचा सुटत नाही, परत खाली पडू शकतो. म्हणजे ऊस अजून शिवारात आहे. शिवाय तिच्यातच केंद्रापासून जरा बाजूला 'एम ८२ बी' नावाचा भाग आहे. तिथले तारकागुच्छ केंद्रातल्यांपेक्षा खूप जुने आहेत, तिथं उसळी केव्हाच येऊन गेली. एकाच दीर्घिकेत पेटलेलं चुलवण आणि विझलेलं चुलवण, काही हजार प्रकाशवर्षांच्या अंतरावर.

प्रोजेक्टसाठी मी असतो तर या दोन भागांचे प्रकाशित वर्णपट शेजारी शेजारी ठेवले असते आणि गाईडला म्हटलं असतं, 'सर, मला फक्त यांतला फरक समजावू द्या.' प्रिंट काढलात आणि पेन्सिलीनं रेषा लावल्यात की फोटो इथंच टाका. अल्फाच्या जागी दोन्ही बाजूंना नायट्रोजनची ६५४८ आणि ६५८३ ची जोडी असते, त्यातली एखादी अल्फा समजून खूण करू नका. पहिल्या खेपेला सगळेच करतात.